जगायला गेलेल्यांचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जव्हारच्या मुकणे राजांचा इतिहास जाणत्या मंडळींनी लिहिलेला आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना १६६४ साली शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते, हे आपल्याकडे शाळेतले मूलही सांगेल. मग मी नवे काय लिहिणार?

त्याच आठवड्यात माझ्या मुलीने शाळेतून एक पुस्तक आणले. मी भाकऱ्या करीत होते आणि ती मोठ्याने वाचीत होती. अमेरिकेत १८४० नंतरच्या वीसपंचवीस वर्षांत लाखो माणसे पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. गाडीवर कापडाचे छप्पर, गाडीला बैल आणि गाडीत पीठ, भांडी, अंथरुणे. वाट सुमारे दोन हजार मैलांची. चारपाच महिने लागत. गाडी सामानाने भरलेली असल्यामुळे मुले बहुतेक वाट पायीच चालत. पुढे १८६९ साली तेथे आरपार रेल्वे झाली आणि गाड्यांची ती वाट मोडली.

मुलगी म्हणाली, "आई, आपल्याकडे अशी माणसे नव्हती का ग?"

मी म्हटले, "नव्हती कशी? मी त्यातलीच आहे." तिला ते खरे वाटेना. आपल्यापैकी पुष्कळजणींनाही हे ठाऊक नसेल, कारण मी कधी बोलले नाही. म्हणून तोच इतिहास लिहिते.

माझे माहेर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. आमच्याकडे "कामाला गेले" असे म्हणत नाहीत, "जगायला गेले" म्हणतात. डोंगराच्या उतारावर नाचणी, वरई आणि खाचरात थोडा भात, एवढेच पीक. ते पावसाळ्याचे. दिवाळीपर्यंत कणगी भरते आणि माघ-फाल्गुनात तिचा तळ दिसतो. पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो आणि चैत्रात हंडाभर पाण्यासाठी बायका दरीत उतरतात. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, २०१४ साली मोखाड्यातच मध्य वैतरणा धरण झाले. ते पाणी मुंबईला जाते, आणि आमची माणसेही त्याच दिशेला जातात.

ही वाट जुनी आहे. १८६० नंतर पालघर, डहाणूवरून रेल्वे गेली आणि मुंबई वाढत चालली. तिला इमारतीला लाकूड हवे, तबेल्यांना गवत हवे, मीठ हवे, पुढे विटा आणि रेती हवी. हे सारे किनारपट्टीत मिळे, आणि ते कापायला व वाहायला हात लागत ते डोंगरातून येत. माझी आजी सांगे, की तिच्या लहानपणी ज्याच्याकडे बैलगाडी असे तो सागाची लाकडे घेऊन स्टेशनाकडे जाई आणि पाड्यातली चार घरे त्याच्या मागे चालू लागत. गाडीला बांबूच्या तट्ट्याचे छप्पर असे. त्याखाली नाचणीचे पोते, तवा, मडकी, डालग्यात कोंबड्या. तान्हे मूल असेल तर त्याला आत जागा. चालता येणारे प्रत्येक मूल पायी. पुस्तकातले ते वाक्य ऐकून मला आजीच आठवली.

जाणे नेहमी खुशीचे नसे. पूर्वी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले, की नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबून ते फेडायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वर्षे जात, पण कर्ज फिटत नसे. १९४५ साली उंबरगाव तालुक्यात झरी येथे आदिवासींची मोठी सभा झाली आणि गोदावरीबाई परुळेकर व त्यांच्या सोबत्यांनी वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध लढा उभारला. पुष्कळांनी मार खाल्ला, काहींनी जीव दिले. वेठबिगारी सरकारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. मात्र दिवाळीत मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची, ही रीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

मी सातआठ वर्षांची असेन. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. मुकादमाने बाबांच्या हातावर उचल ठेवली आणि भाऊबीज होताच पाड्याखालच्या रस्त्यावर ट्रक उभा राहिला. सामान वर चढले, सामानावर आम्ही. जव्हार, विक्रमगड, मनोर अशी गावे रात्री मागे पडली आणि उजाडता वसईकडच्या एका वीटभट्टीवर उतरलो. गवताची आणि कच्च्या विटांची झोपडी, तिला भोंगा म्हणतात. आत वाकून जावे लागे. आईबाबा पहाटे अंधारात माती तुडवीत आणि विटा पाडीत. विटा वाळत घालणे, उलटणे आणि धाकट्या भावाला सांभाळणे हे काम माझे. पैसे हजार विटांवर मिळत. दर आठवड्याला खर्ची देत; बाकीचा हिशोब शेवटी. आई बोटांवर हजार मोजी, पण वहीत काय लिहिले ते तिला वाचता येत नसे. शिमग्याला चार दिवस घरी आलो, बोहाड्याची सोंगे पाहिली आणि परत गेलो. पावसाच्या तोंडावर शेवटचा हिशोब झाला, तेव्हा उचल वजा जाऊन हातात फार थोडे आले. शाळेतले माझे नाव तोवर कमी झाले होते.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या दिवाळीला आजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीला मी ठेवते. मी जे खाईन ते ती खाईल." मी राहिले. मास्तरांनी नाव पुन्हा घातले. मी सातवी झाले. त्याच सुमारास, १९९२ च्या पावसाळ्यात, जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला लहान मुले भुकेने आणि आजाराने दगावली आणि सारा मुलूख हादरला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी आजी गेली. मागे राहायला घरात कोणी नाही म्हणून मी पुन्हा ट्रकमध्ये चढले. आठवी माझ्या वाट्याला आली नाही. आजीच्या जागी दुसरे कोणी असते तर आली असती, असे मला आजही वाटते.

अशी जागा घेणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यातच होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, अशी कुरणशाळा त्यांनी काढली. नंतर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. २०१० पासून चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्यानेच आहे. आता दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलाला शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळते, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येते. पण कार्ड मागायचे असते हे आईला कोणी सांगायला नको का?

अमेरिकेतल्या त्या लोकांना १८६२ च्या कायद्याने एकेका कुटुंबामागे १६० एकर जमीन मिळू लागली. ती जमीन आधी तेथल्या मूळच्या लोकांची होती, हेही पुस्तकात आहे. ते एकदा गेले आणि तिकडचेच झाले. आमची माणसे दरवर्षी जातात आणि परत येतात. त्यांच्या विटांची घरे वसई-विरारला उभी आहेत.

भगिनींनो, दिवाळीनंतर आजही आपल्या रस्त्यावरून ट्रक जातात. आपण दिवे लावून दारात उभ्या असतो आणि वर बसलेली मुले आपल्याकडे पाहत असतात. माझी एवढीच विनंती, की यंदा दसऱ्यानंतर दोघीदोघींनी एकेका पाड्यावर जावे. कोणाची मुले निघणार ते विचारावे. जी निघणार त्यांच्या कार्डासाठी मास्तरांना भेटावे. ज्या घरी आजी आहे तिथे तिच्याशी बोलावे. तिला चार पायली धान्याची मदत झाली तर एखादे मूल मागे राहते. आणि जिथे आजी नाही, तिथले एक मूल हंगामापुरते मी माझ्या घरी ठेवीन. घरात तसे विचारून झाले आहे.