एकादशीचे ताट कुठून आले?

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) नेवासे हे गाव आपल्याला ठाऊक असते ते ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ती येथे सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तेथे आहे. त्याच शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने व्रतांवर भला मोठा ग्रंथ रचला. म्हणजे एकादशी होती, उपवासही होता. मग वर्गात एकदा विचारून पाहा: त्या काळी नेवाशात उपवासाला काय खात असतील?

मुलांची उत्तरे ठरलेली असतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. यातले जवळजवळ काहीच तेव्हा नेवाशात शिजू शकले नसते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेतली. रताळे आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये आणि अहमद निजामशहाने नगर शहर वसवायला घेतले १४९४ मध्ये. म्हणजे आपले नगर शहर आणि बटाट्याचा जुन्या जगातला प्रवेश यांत फारसे अंतर नाही!

पण हे कळते कसे? हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर आपण विचारायला हवा.

पहिला पुरावा जमिनीतला. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तेथे १९७५ ते १९७९ या काळात सां. अ. साळी यांनी उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. त्यात जव, मसूर, वाटाणा ही धान्ये-कडधान्ये आहेत, शेंगदाणा नाही. मात्र येथे सावध राहायला हवे. दाणा जळून टिकतो, कंद कुजून जातो. त्यामुळे 'सापडला नाही म्हणजे नव्हता' हे दाण्यांच्या बाबतीत जितके खरे, तितके बटाट्याच्या बाबतीत नाही.

म्हणून दुसरा पुरावा पाहायचा: रानटी भाऊबंद. एखाद्या पिकाचे जंगली नातलग जेथे भरपूर, तेथे त्या पिकाचे मूळ घर असण्याची शक्यता जास्त. द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या पद्धतीचा पाया घातला आणि रशियाच्या वाविलोव्हने १९२६ मध्ये पिकांच्या उगमकेंद्रांची कल्पना मांडली. (भूक संपवण्यासाठी जगभर बियाणे गोळा करणारा हा माणूस १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला.) बटाट्याचे रानटी नातलग पेरूच्या पर्वतांत डझनावारी आहेत, सह्याद्रीत एकही नाही.

भुईमुगाची कथा तर आता जनुकांतून वाचता येते. लागवडीच्या भुईमुगात ४० गुणसूत्रे असतात, त्याच्या दोन रानटी पूर्वजांत प्रत्येकी २०. बोलिव्हियाच्या दक्षिणेस आणि अर्जेंटिनाच्या वायव्येस या दोघांचा संकर झाला व गुणसूत्रे दुप्पट झाली. माणसाने ते झाड जपले. पूर्वजांपैकी एक जात बोलिव्हियात जवळजवळ एकाच जागी सापडते. पेरूमध्ये सिपान येथे १९८७ मध्ये मोचे संस्कृतीतील एका सरदाराची कबर मिळाली. त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या भल्या मोठ्या शेंगांची माळ होती. आपल्याकडे बोरमाळ असते, तशी ही शेंगमाळ!

तिसरा पुरावा शब्दांचा. भुईमूग म्हणजे भुईतला मूग. नवे पीक आले की लोक जुन्याच ओळखीच्या नावाला विशेषण जोडतात. बंगालीत तो 'चिनेबादाम' होतो, तमिळमध्ये त्याला 'मणिलाकोट्टै' असेही म्हणतात. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश गलबते मेक्सिकोतून फिलिपिन्समधील मनिलाला जात. त्या वाटेची खूण या नावात राहिली. मिरचीने मिरीचे नाव घेतले. 'बटाटा' हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द, पण कॅरिबियन बेटांवर त्याचा मूळ अर्थ होता रताळे. 'काजू' हा ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांमार्फत आला.

पोर्तुगिजांचा नगरशी संबंध जवळचा. निजामशाहीचे मोठे बंदर चौल, आणि तेथे बुऱ्हाण निजामशहाच्या काळात पोर्तुगिजांनी ठाण मांडले. गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता हा या बुऱ्हाणशहावर उपचार करी. त्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात काजू नाही. १५७८ मध्ये छापलेल्या क्रिस्तोबाल आकोस्ताच्या ग्रंथात मात्र आहे. अकबराच्या मुदपाकखान्याची तपशीलवार यादी ऐन-इ-अकबरीत मिळते. तीत मिरी आहे, मिरची नाही. अननस मात्र तोवर अकबराच्या दरबारात पोचला होता. गोड फळाला वाट लवकर मिळते असे दिसते.

साबुदाण्याचे प्रकरण सर्वांत गमतीचे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला कडू कसावा विषारी असतो. तो किसला की त्यातून सायनाइड तयार होते. तेथील लोकांनी उपाय शोधला: कंद किसायचा, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून ताणून पिळायचा, मग भाजायचा. पिळलेल्या रसात तळाशी पांढरा साका बसतो. त्यालाच तुपी शब्दावरून टॅपिओका म्हणतात. आपल्याकडे हा कंद पोर्तुगिजांनी केरळात आणला आणि १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. पण 'साबु' हा शब्द कसाव्याचा नाहीच! तो मलाया-इंडोनेशियातील सागो नावाच्या ताडाचा. त्याच्या खोडातल्या पिठाचे दाणे जहाजाने येत. दुसऱ्या महायुद्धात ही आयात बंद पडली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे कसाव्याच्या साक्यापासून दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. ताडाचे नाव कंदाने घेतले. ओलसर साका झोळीत हलवला की त्याचे गोळे होतात, ते तव्यावर भाजले की बाहेरचा थर अर्धवट शिजतो. म्हणून साबुदाणा पाण्यात विरघळत नाही, फुगतो.

आता एक प्रयोग. टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून एकेक थेंब साबुदाणा, बटाट्याची फोड, तांदूळ आणि गव्हाचे पीठ यांवर टाका. चारही निळेजांभळे होतील. म्हणजे उपवासाला चालणारे आणि न चालणारे यांत आयोडीनला काही फरक दिसत नाही. मग माणसाला का दिसतो? जुना नियम पिष्टाचा नव्हता, धान्याचा होता. धान्य वर्ज्य, फळे व कंदमुळे चालतील. बाहेरून आलेले बटाटा, रताळे, कसावा हे कंद, म्हणून कंदमुळांच्या रांगेत बसले. मका त्याच खंडातून आला, पण तो उघडउघड धान्य, म्हणून बाहेर राहिला. भुईमूग खरे तर मुगा-तुरीच्याच कुळातला. फुलानंतर त्याच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत पोसते. मातीतून निघाला म्हणून त्याला कंदांबरोबर सवलत मिळाली असावी, असा माझा तर्क आहे. टोमॅटोला ती कित्येक घरांत अजून मिळालेली नाही.

कधी नगरकडचा कोणी उपवासकरी दक्षिण अमेरिकेत गेला, तर कुठे काय खावे याची चिंता त्याने करू नये. बोलिव्हियात कोचाबांबाकडे दाण्याचे सूप मिळते. कच्चे दाणे वाटून केलेली ती पांढरट आमटीच, फक्त त्यात मांस नाही ना हे आधी विचारावे. पेरूच्या आरेकिपा शहरातील जुन्या खाणावळींत उकडलेल्या बटाट्यावर दाणे, मिरची आणि झेंडूच्या कुळातल्या एका पाल्याची चटणी ओततात. चीजही असते, पण दाण्याच्या कुटाची सवय असलेल्याला ती परकी वाटणार नाही. कुस्कोच्या बाजारात राजगिऱ्याच्या भाऊबंदाच्या लाह्यांची वडी मिळते, अगदी आपल्या लाडवाच्या चवीची. ब्राझीलच्या ईशान्येस सकाळी ओला साका तव्यावर पसरून घावन करतात, त्यात ओले खोबरे घालतात. पिण्यासाठी मात्र जरा सांभाळून: मक्याची चिचा आंबवलेली असते. जांभळ्या मक्याची गोड चिचा चालेल, पण मका उपवासाला चालत नाही, हे वर आलेच आहे. आणि आंदीज पर्वतात बटाट्याचे वाळवण पाहायला विसरू नये. रात्री बटाटे गोठू द्यायचे, सकाळी पायाने तुडवून पाणी काढायचे, मग उन्हात सुकवायचे. हा चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो. आपण चैत्र-वैशाखात गच्चीवर कीस वाळवतो. त्यांना थंडी कामी आली, आपल्याला ऊन.

राहता राहिली भगर. एकादशीच्या ताटात इथलीच म्हणता येईल अशी तीच, आणि तीच नेमकी धान्य! वरी ही गवताच्या कुळातली, नाचणी-बाजरीची बहीण. जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या परिसरातील उतारांवर आदिवासी शेतकरी ती पिढ्यान्पिढ्या घेत आले आहेत. डोंगरातल्या घरात वरीचा भात हा साधा पोटभरीचा भात. नाशिकच्या गिरणीत टरफल काढून, पांढरी करून, पिशवीत भरली की तिची भगर होते आणि मग ती उपवासाला चालते.