'सेल्फ' : पेण-रोह्याच्या खाड्या आणि इंजिन सुरू करण्याचा इतिहास

१/ पेण, वडखळ, नागोठणे, रोहे. या पट्ट्यातल्या गॅरेजांत स्टार्टर मोटरला कोणी स्टार्टर म्हणत नाही. तिचे नाव 'सेल्फ'. इंजिनाने आपण होऊन सुरू व्हावे ही एके काळी नवलाची गोष्ट होती आणि ते नवल या तोकड्या शब्दात अजून शिल्लक आहे. रस्त्यावरच्या ट्रकचा सेल्फ बिघडला तर चार माणसे धक्का मारतात. खाडीतल्या होडीला धक्का कोण मारणार?

२/ आधी खाडी समजून घ्यावी लागते. अंबा नदी रोहे तालुक्यातील नागोठण्यावरून पेण तालुक्यात उतरते आणि धरमतरच्या खाडीने मुंबईच्या समुद्राला मिळते. कुंडलिका रोह्याहून रेवदंड्याकडे जाते. दोन्ही खाड्यांवर सत्ता भरतीची. सुमारे सव्वासहा तास पाणी चढते, तितकाच वेळ उतरते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर हा चढउतार चार मीटरांच्या पुढे जातो. वरच्या अंगाला, जिथे पात्र उथळ आहे, तिथे ओहोटी लागताच तळाचा चिखल उघडा पडू लागतो. इंजिन अर्धा तास उशिरा सुरू झाले तर होडी पुढच्या भरतीपर्यंत रुतून बसते. मासळी मात्र तितके थांबत नाही.

३/ शिडाच्या मचव्यांना ही अडचण वेगळ्या रूपात होती. वारा पडला की वल्ही किंवा बांबू. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे अनेक प्रवासी नागोठण्यापर्यंत जलमार्गाने येत आणि तिथून पुढे घाट चढत. त्यांचे वेळापत्रक घड्याळाइतकेच चंद्राच्या कलांवर चाले. पुढे धरमतरला आगबोटी येऊ लागल्या.

४/ आगबोटीला सेल्फची गरजच नव्हती. बॉयलरमध्ये वाफ तयार व्हायला वेळ लागे, पण एकदा ती झाली की झडप उघडताच दट्ट्या हलू लागे, कारण शक्ती बाहेरून येत होती. तेलावरच्या इंजिनात ज्वलन आतच होते. हवा आत खेचायची, ती दाबायची, मग तेल पेटवायचे. आणि यातले पहिले दोन टप्पे इंजिन आधीच फिरत असल्याशिवाय होत नाहीत. म्हणजे फिरण्यासाठी ते आधी फिरलेले असावे लागते. स्टार्टरचा सारा इतिहास या पेचातून जन्मला.

५/ १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट याने तप्त गोळ्याचे इंजिन आणले. ब्लोलॅम्पने इंजिनाच्या डोक्यावरचा गोळा बराच वेळ तापवायचा आणि मग चाक हाताने फिरवायचे. उत्तर युरोपातील मासेमारी होड्यांत ही इंजिने दीर्घकाळ टिकली. रुडॉल्फ डिझेलच्या यशस्वी इंजिनाने १८९७ मध्ये गोळा आणि ज्योत दोन्ही अनावश्यक ठरवली: हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे. मात्र तेवढा दाब द्यायला फिरवणाऱ्याच्या दंडात बळ हवे.

६/ हँडल मारणे हे कामही बेभरवशाचे. इंजिन उलटे उसळले की हँडल मनगटावर येई. मनगटाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकात 'शोफर्स फ्रॅक्चर' हे नाव याच दुखापतीवरून पडले. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि 'सेल्फ-स्टार्टर' हा शब्द जगभर फिरला. त्यातले 'स्टार्टर' वाटेत गळाले, 'सेल्फ' तेवढा कोकणात पोचला. त्याच दशकात व्हिन्सेंट बेंडिक्सची युक्ती रूढ झाली: मोटर फिरताच लहान दातेरी पिनियन पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन सुरू होताच मागे हटते. मिस्त्रीच्या तोंडचे 'बेंडिक्स' ते हेच.

७/ भारतातील मासेमारी होड्यांचे यांत्रिकीकरण पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५१ नंतर, जोर धरू लागले. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्येच उभी राहिली होती. सुरुवातीची लहान इंजिने हँडलची. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा म्हणजे दाब सुटतो, चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. एका दमदार खलाशाचे हे काम. इंजिने मोठी झाली, अशोक लेलँडसारखी ट्रकच्या घराण्यातली इंजिने होड्यांत बसली, तेव्हा हँडल संपले. चेन्नईजवळ पाडी येथे लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये स्थापन झाली आणि देशी स्टार्टर सुलभ झाले. सोय झाली, पण तांडेलाच्या हातातला शेवटचा उपायही गेला. आता सगळी भिस्त बॅटरीवर.

८/ ट्रकचा स्टार्टर महामार्गासाठी घडवलेला. होडीत तो इंजिनाच्या बुडाशी, तळात साचणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या वीतभर वर बसतो. पेण तालुक्यात मिठागरे आहेत, तिथल्या हवेविषयी वेगळे सांगायला नको. तांब्यावर हिरवट थर चढतो, पिनियनचा दांडा गंजतो, ब्रश आपल्या खाचेत अडकतात.

९/ म्हणून बिघाड शोधण्याची रीतही ट्रकपेक्षा थोडी निराळी, आणि तिचा पहिला नियम असा की मोटर सर्वांत शेवटी खोलावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर एक तर बॅटरी थकली आहे किंवा मोटर प्रमाणाबाहेर वीज ओढते आहे. आकडा जागचा हलतच नसेल, तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही.

१०/ येथे थोडे गणित करण्याजोगे आहे. सेल्फ मारताना २०० अँपिअर वीज वाहत असेल आणि गंजलेल्या एका जोडात केवळ ०.०१ ओहम इतका अडथळा असेल, तर तिथेच २ व्होल्ट गडप होतात आणि ४०० वॉट उष्णता होते. दिवा लावून पाहिले तर तो लख्ख पेटतो, कारण त्याला वीज नाममात्र लागते. 'बॅटरी चांगली आहे' हा निष्कर्ष इथेच फसवा ठरतो. खरी परीक्षा भाराखाली. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर दोष अर्थिंगच्या वायरीत. धन बाजूलाही हीच चाचणी. कित्येक 'जळालेले' स्टार्टर एका पान्याने आणि पॉलिश पेपरने जिवंत होतात.

११/ आवाजही बोलतो. एकच 'टक्' झाले आणि पुढे शांतता: सोलेनॉइडने खेचले, पण त्याचे संपर्क जळाले किंवा ब्रश झिजले. टकटकटक अशी झड: बॅटरी दुबळी किंवा जोड सैल. मोटर सुसाट फिरते पण इंजिन ढिम्म: बेंडिक्स अडकले किंवा फ्लायव्हीलचे दाते गेले. काहीच आवाज नाही: फ्यूज, चावी, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसल्यास वीज तोडणारा खटका.

१२/ आणि एक धप्प आवाज, ज्यानंतर इंजिन दगडासारखे थांबते. हा स्टार्टरचा दोष नसण्याची शक्यता मोठी. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या होड्यांच्या धुराड्यात थंड करणारे पाणी सोडलेले असते, तिथे इंजिन न पेटता वारंवार सेल्फ मारल्यास हे पाणी साचत जाऊन उलटे आत येऊ शकते. म्हणून दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, मध्ये मोटरला निवू द्यावे, आणि दोन-तीन प्रयत्न फसले की समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून मगच पुढे जावे. इंजिन पेटताच तो लगेच उघडावा. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडच्या खुंट्या जोडण्याची प्रथा सर्वत्र आहे. ती चावी आणि न्यूट्रलचा खटका दोन्ही ओलांडते, शिवाय बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनशेजारी ठिणगी पाडते. होडीच्या बंद पोटात हा जुगार रस्त्यापेक्षा महाग आहे.

१३/ सर्वाधिक सेल्फ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुसतात, यात आश्चर्य नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. दोन महिने जोडलेली ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते, आणि पावसाळी दमटपणा ब्रशच्या खाचांत मुरतो. बॅटरी काढून घरी चार्जवर ठेवणे, सेल्फ उतरवून ब्रश आणि बेंडिक्स साफ करणे, खुंट्यांना ग्रीस लावणे, ही कामे होड्या शाकारलेल्या असतानाच, जाळी विणण्याच्या दिवसांत, एका दुपारी उरकतात. नारळी पौर्णिमेनंतर खाडीच्या मध्यावर, सुकती लागलेली असताना, त्याच कामांना आख्खी भरती मोजावी लागते.