सावली, वारा आणि पाणी : प्राचीन ईजिप्तमधील उष्म्याचे निवारण

प्राचीन ईजिप्तच्या लोकांनी वाळवंटातील उष्म्याला कसे तोंड दिले, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः थडग्यांतील भित्तिचित्रांच्या आधारे दिले जाते. तलम वस्त्रे, बागेतील तलाव आणि वारा घालणारे सेवक त्या चित्रांत आढळतात. तथापि ही चित्रे सधन मृतांच्या परलोकसुखाच्या अपेक्षेतून निर्माण झाली आहेत. सामान्यांच्या दिनचर्येचा पुरावा शोधावयाचा तर थडग्यांकडून वसाहतींकडे वळले पाहिजे. नवराज्याच्या काळातील (इ. स. पू. सुमारे १५५० ते १०७०) अशा वसाहतींच्या आधारे उष्म्याच्या निवारणामागील श्रमव्यवस्थेचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दृष्टीने थीब्झच्या पश्चिमेकडील देर अल्-मदीना हे गाव विशेष महत्त्वाचे होय. राजांची थडगी खोदणारे व रंगविणारे कारागीर येथे राहत. बेर्नार ब्रूयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात त्याचे विस्तृत उत्खनन केले. तटाच्या आतील सुमारे ७० घरे एकमेकांना खेटून बांधलेली होती. त्यामुळे बाजूच्या भिंतींवर ऊन पडण्यास फारसा वाव नव्हता. भिंती दगडाच्या व कच्च्या विटांच्या असत. अशी जाड भिंत सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून दिवसाची धग आत पोहोचण्यास विलंब लागतो. खोल्या एकामागोमाग एक असून दुसऱ्या खोलीचे छत पहिलीपेक्षा उंच ठेवीत आणि छतालगतच्या लहान जाळ्यांतून उजेड घेत. स्वयंपाकाची जागा मागील बाजूस, अर्धवट उघडी असे. त्यामुळे चुलीची धग व धूर घरात साचत नसे. तळघरात धान्य व भांडी ठेवीत आणि जिन्याने गच्चीवर जाता येई.

उत्तरेचा वारा हा ईजिप्तमध्ये सुखाचा पर्यायच मानला गेला होता; मृताला तो लाभावा, अशी याचना अर्पणमंत्रांत वारंवार येते. ब्रिटिश म्यूझियममधील नख्त नावाच्या राजलेखकाच्या पपायरसवर घराच्या छपरावर त्रिकोणी झरोके दाखविले आहेत. ते वारा आत घेण्यासाठी असावेत. गच्चीवर झोपण्याचे कारण मात्र केवळ उष्मा हेच समजू नये. इ. स. पू. पाचव्या शतकातील हेरोडोटसने ईजिप्शियन लोक उंच जागी झोपतात याचे कारण डास हे दिले आहे. वाऱ्यामुळे डास उंच उडू शकत नाहीत, असे तो म्हणतो.

शरीररक्षणाची साधने सुपरिचित आहेत : जवसाच्या तंतूंचे क्षौमवस्त्र, त्वचेला लावावयाचे तेल, आणि शिशाच्या खनिजापासून केलेला डोळ्यांतील सुरमा. चित्रांतील स्त्रीपुरुषांच्या मस्तकांवर दिसणारे शंकूही याच संदर्भात सुगंधी चरबीचे मानले जात. ते वितळून अंगावर ओघळत, अशी कल्पना होती. अमार्ना येथील दफनांत असे दोन शंकू प्रत्यक्ष सापडले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणानुसार ते चरबीचे नसून मेणाचे, बहुधा मधमाशांच्या मेणाचे, आहेत. केवळ चित्रांवरून दैनंदिन व्यवहाराचे अनुमान करणे किती जोखमीचे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सावली व वारा या गोष्टी बांधणीच्या कौशल्याने मिळत. पाण्याचे तसे नव्हते. देर अल्-मदीना येथे विहीर नव्हती. गावाच्या उत्तरेस सुमारे ५० मीटर खोल खड्डा आहे. तो विहिरीसाठी केलेला निष्फळ प्रयत्न असावा, असे मानले जाते. प्रत्यक्षात पाणी खालच्या खोऱ्यातून गाढवांवर लादून आणावे लागे. राज्याने नेमलेले पाणके, लाकूडतोडे, कोळी, माळी आणि परीट या गावाच्या सेवेस होते. लेखयुक्त खापऱ्यांवरून असे दिसते, की पाणके पुष्कळदा गावातीलच लोकांची गाढवे भाड्याने घेत. भाडे थकल्याचे व जनावर दगावल्याचे तंटेही त्यांत नोंदलेले आहेत. अमार्नाच्या कामगार-वसाहतीतही (इ. स. पू. सुमारे १३५०) विहीर नव्हती. तेथे वसाहतीबाहेर पाण्याचे रांजण ठेवण्याची जागा आढळली असून शहराकडील वाटेवर फुटलेल्या घागरींची खापरे विखुरलेली होती. त्याच अमार्ना शहरातील श्रीमंतांच्या वाड्यांत मात्र स्वतःची विहीर, बाग आणि स्नानगृह असे.

ही व्यवस्था विसकटली म्हणजे काय होई, हे तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या राज्यवर्षात (इ. स. पू. सुमारे ११५७) दिसून आले. शिधा थकल्यामुळे देर अल्-मदीनाचे कारागीर काम सोडून बाहेर पडले आणि राजमंदिरांच्या परिसरात जाऊन बसले. तूरिन येथील पपायरसमध्ये त्यांचे निवेदन नोंदलेले आहे : भुकेने व तहानेने आपण येथे आलो असून आपल्यापाशी वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजीपाला नाही. भूक आणि तहान ही जोडी भाषेतील रूढ जोडी आहे, हे मान्य करूनही विहीर नसलेल्या गावाच्या तोंडी तहानेचा उल्लेख केवळ अलंकार म्हणून सोडून देता येणार नाही. वस्त्र व तेल यांचा समावेशही अर्थपूर्ण आहे. उन्हात राबणाऱ्या शरीराची ती संरक्षक साधने होत. बहुतेक अभ्यासकांनी या प्रसंगाचा विचार धान्यपुरवठ्याच्या दृष्टीने केला आहे. तो योग्यच आहे. परंतु या यादीत उष्ण प्रदेशातील देहधारणेच्या किमान गरजांचीही नोंद आहे, हे लक्षात घ्यावयास हवे.

तात्पर्य, ईजिप्शियन लोकांनी उष्म्यावर केलेली मात ही केवळ जाड भिंतींची व तलम वस्त्रांची कथा नव्हे. ज्या कारागिरांनी राजांच्या शाश्वत सुखाची चित्रे रंगविली, त्यांच्या घरातील रांजण रोज दुसऱ्याच्या श्रमाने भरला जात असे, आणि त्या श्रमाची तजवीज राज्याच्या हाती होती. प्राचीन समाजांच्या हवामानविषयक व्यवहारांचा अभ्यास करताना त्यांनी काय बांधले याबरोबरच पाणी कोणी वाहिले, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.