तीन वाटा, दोन चाके

इतिहास कशावरून वाचावा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. कोणी बखरीवर भर देतो, कोणी शिलालेखावर, तर कोणी दप्तरातल्या जुन्या रुमालावर. आम्ही पडलो सामान्य माणूस. आम्हाला जो थोडाफार इतिहास उमगला तो सायकलच्या सीटवर बसून. मोटारीतल्या माणसाला चढ कळत नाही. चढ कळला नाही म्हणजे घाट कळत नाही, आणि घाट कळला नाही म्हणजे कोकण व देश यांच्यामधला दोन हजार वर्षांचा व्यवहार नुसता पुस्तकात राहतो. तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ जरा बाजूला ठेवून आमच्याबरोबर शहापूर-मुरबाडच्या तीन वाटांवर चला. दम लागेल, पण भात कापणीला आलेले असते, हवा गार असते, आणि वाटेत चहा मिळतो.

पहिली वाट आग्रा रोडची. शहापूर सोडले की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. सायकलीला घाई नसते, म्हणून ते बराच वेळ सोबतीला असतात. याच गडाच्या आश्रयाने शहाजीराजांनी १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा डाव मांडला होता. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांनी गडाला वेढा दिला, आणि निजामशाहीचा दिवा येथेच विझला. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांना द्यावी लागली, ती मराठ्यांनी १६७० मध्ये परत घेतली. खाली रस्त्यावरून पाहताना एवढे मात्र ध्यानात येते की हा गड उगाच येथे उभा नाही. थळ घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला याहून चांगली जागा कोणती?

आटगाव, खर्डी मागे पडून कसारा येतो, आणि मग पायांची खरी परीक्षा सुरू होते. या घाटाने आगगाडीलाही सहजी वाट दिली नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. रूळ १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचले. कसाऱ्याहून इगतपुरी ती केवढी दूर! पण तेवढा टप्पा चढायला गाडीला १८६५ साल उजाडावे लागले. चढ सदतीस फुटाला एक फूट. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. सायकलवर बसून एखादा तास तसला चढ चढून पाहावा, म्हणजे डोंगर फोडणाऱ्या हजारो मजुरांच्या घामाची थोडी कल्पना येते. त्यांतल्या कितीकांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत.

याच रस्त्याने मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा पायी उतरला. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. वनजमिनीचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून ती माणसे राजधानीत पोहोचली. परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडथळा नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीच चालून संपवली. माहुलीच्या पायथ्याशी घडलेल्या इतिहासात हे पानही जोडून घेतले पाहिजे.

दुसरी वाट आम्हाला सर्वांत प्रिय. शहापूरहून किन्हवली, तेथून सरळगाव. हा रस्ता ना बंदराला जातो, ना राजधानीला. तो एका बाजाराच्या गावाहून दुसऱ्या बाजाराच्या गावाला जातो, इतकेच. दोन्ही बाजूंना भातखाचरे, मध्ये सागाची झाडे, बांधावर भाऱ्यांची रास. सरळगावला कल्याण-नगर रस्ता लागतो. उजवीकडे मुरबाड, डावीकडे टोकावडे आणि वैशाखरे. डावीकडे वळावे. वैशाखऱ्याच्या पुढे मोटाररस्ता माळशेज घाटाकडे जातो. आपण मात्र सायकल कोणाच्या तरी अंगणात लावावी आणि पायी नाणेघाट चढावा.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. ग्रीक खलाशाच्या पेरिप्लस नावाच्या टिपणात कल्याणचा उल्लेख आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी यांचा त्यात हिशेब आहे. मौज अशी की हे दान मोजताना जे अंक खोदले, ते भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी गणले जातात. आपल्या पोराबाळांच्या पाढ्यांचे एक मूळ मुरबाडच्या डोक्यावरच्या खडकात आहे म्हणा ना! बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात. रिकाम्या रांजणाजवळ घाम पुसताना एक प्रश्न मात्र मनात येतो. खाली भात पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्या नाण्यांतले किती आले असेल?

तिसरी वाट मुरबाडहून म्हसा. पौष पौर्णिमेला येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि बैलांचा बाजार फुलतो. तेथून डोंगराच्या कुशीत सिद्धगड. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. विजेच्या तारा मुंबईला जात होत्या. ज्या रानावरून त्या गेल्या तेथे तेव्हा कंदीलच होते.

पाण्याची गोष्टही तशीच. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ चे. भातसा पुढच्या शतकातले. येथले पाणी नळांतून मुंबईची तहान भागवते, आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मे महिन्यात या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याला आपल्या बाटलीतले पाणी पिताना थोडा संकोच वाटतो, तो यामुळे.

तिकडे विलायतेत हवा भरलेल्या रबरी धावा १८८८ च्या सुमारास निघाल्या आणि सायकल ही मध्यमवर्गाची रविवारची मौज झाली. खेड्याच्या गल्ल्यांतून हिंडावे, खानावळीत जेवावे आणि घरी यावे. सायकलस्वारांच्या संघांनी तेथे चांगल्या रस्त्यांसाठी चळवळही केली. आपल्याकडेही साहस झाले. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले; त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. अलीकडे २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत जोडीने पूर्ण केली. पण आपल्या खेड्यात सायकल आली ती मौजेसाठी नव्हे. ती टपालवाल्याची, दूधवाल्याची, मास्तरांची. तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून कैची मारायला आम्ही शिकलो, ती विद्या अजून पायांत आहे.

आता समृद्धी महामार्ग आला आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याचा डोंगर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटार काही मिनिटांत पार करते. आगगाडीला चार वर्षे अडवणारा डोंगर! आनंदच आहे. तेथे सायकलीला मज्जाव आहे, तोही सुरक्षिततेसाठी योग्यच. आमचे म्हणणे एवढेच आहे की जकातीच्या वाटेपासून जलवाहिनीपर्यंत या मुलखातून जे मोठे मार्ग गेले, ते बहुतेक येथून काहीतरी नेण्यासाठी किंवा येथून पलीकडे जाण्यासाठी गेले. किन्हवली-सरळगावसारखा रस्ता तेवढा येथल्या माणसासाठी आहे. त्याची खडी उखडली तर बातमी होत नाही. पण सकाळी दप्तर कॅरिअरला लावून शाळेला निघालेल्या मुलीला तो खड्डा कळतो.

गेल्या दिवाळीत त्याच रस्त्यावर आमची साखळी उतरली. समोरून येणारी अशीच एक मुलगी थांबली, काडीने साखळी दातांवर चढवून दिली, आणि हात गवताला पुसत म्हणाली, "काका, पुढे उतार आहे, ब्रेक बघा." नाणेघाटच्या लेखाइतके नसेल, पण त्या वाटेवरचे हे वाक्यही आम्ही जपून ठेवले आहे.