पटकीचा जीवाणू

पटकी अर्थात कॉलरा या तीव्र अतिसाराच्या रोगाला कारणीभूत असणारा जीवाणू. शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी. आकार स्वल्पविरामासारखा वाकडा, लांबी सुमारे २ मायक्रोमीटर. एका टोकाच्या कशाभिकेच्या (चाबकासारख्या धाग्याच्या) जोरावर तो पाण्यात झपाट्याने पोहतो. खाड्या व नदीमुखांतील मचूळ पाणी हे त्याचे मूळ वसतिस्थान. तेथे तो कोपेपॉड या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो. त्याच्या दोनशेहून अधिक गटांपैकी मोठ्या साथी आणणारे गट दोनच : ओ-१ आणि १९९२ मध्ये उद्भवलेला ओ-१३९.

शोध : फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे रोग्यांच्या आतड्यांत तो पाहिला. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याशी साथीचा संबंध दाखवून दिला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात हा जीवाणू वेगळा केला.

रोगप्रक्रिया : जीवाणू रक्तात शिरत नाही, लहान आतड्याच्या अस्तरावर राहून तो विष सोडतो. कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागतात व त्यामागोमाग सोडियम आणि पाणी वाहून जाते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. डोळे खोल जातात, बोटांची कातडी धुणे धुतल्यावर होते तशी सुरकुतते, चिमटीत धरलेली त्वचा सोडली तरी उभीच राहते. उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो.

प्रसार व प्रतिबंध : रोग्याच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी व अन्न यांतून प्रसार होतो. महाराष्ट्रात या रोगाला जरीमरी म्हणत. साथ आली की या रोगाची देवी मानलेल्या मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पंढरपूरच्या वारीत पटकी वारंवार पसरे, म्हणून वारकऱ्यांना लस टोचण्याची पद्धत पडली. शुद्ध पाणीपुरवठा व शौचालये हा खरा प्रतिबंध होय. ती सोय होईपर्यंत पाणी उकळून प्यावे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, कारण कोपेपॉडांबरोबर त्यांना चिकटलेले जीवाणूही कापडावर अडकले.

उपचार : पटकीतही आतड्याची साखरेबरोबर मीठ व पाणी शोषण्याची क्षमता शाबूत राहते. जलसंजीवनी, म्हणजे साखर व मिठाचे पाण्यातील द्रावण, याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण रोग्यांना पाजले; मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. तयार पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे आणि रोग्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. प्रतिजैविके दुखणे लवकर आटोपण्यास मदत करतात, परंतु प्राण वाचतात ते गेलेले पाणी वेळेवर भरून काढल्याने.