इंग्लिश व्याकरणातील संकेतार्थ

एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, किंवा एखादी गोष्ट घडली असती पण घडली नाही, असा बोध करून देणाऱ्या वाक्यरचनेस इंग्लिश व्याकरणात कंडिशनल असे म्हणतात. मराठी व्याकरणातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ या चार अर्थांपैकी संकेतार्थ तिला सर्वांत जवळचा आहे. फ्रेंचमध्ये यासाठी क्रियापदाला स्वतंत्र प्रत्यय लागतात. इंग्लिशमध्ये असे वेगळे रूप नाही. ते काम ‘वुड’ हे साहाय्यक क्रियापद आणि भूतकाळी रूपे मिळून करतात. त्यामुळे इंग्लिशमध्ये संकेतार्थ हा स्वतंत्र अर्थ मानावा काय, याविषयी एकमत नाही. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणात ‘वुड’युक्त रूपे पोटेन्शियल या अर्थाखाली येतात.

रचना

अशा वाक्यात अट सांगणारे गौणवाक्य बहुधा ‘इफ’ने सुरू होते आणि मुख्य वाक्य परिणाम सांगते. अट पुरी होणे शक्य असेल, तर ‘इफ इट रेन्स, वुई विल स्टे होम’ अशी रचना होते. पाऊस भविष्यातला असूनही गौणवाक्यात वर्तमानकाळ येतो. अट केवळ कल्पिलेली असेल, तर ‘इफ इट रेन्ड, वुई वुड स्टे होम’ असे म्हणतात. येथील ‘रेन्ड’ हे रूप भूतकाळी असले, तरी पाऊस भूतकाळातला नाही. रूप एक पायरी मागे गेले आहे ते वास्तवापासूनचे अंतर दाखवण्यासाठी. भूतकाळात न घडलेल्या गोष्टीसाठी आणखी एक पायरी मागे जावे लागते : ‘इफ इट हॅड रेन्ड, वुई वुड हॅव स्टेड होम’.

शालेय पुस्तकांत यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड व थर्ड असे चार प्रकार शिकवतात. ही विभागणी पाठांतरास सोयीची, पण अपुरी आहे. ‘इफ ही हॅड टेकन द मेडिसिन, ही वुड बी वेल नाऊ’ या वाक्यात अट भूतकाळाची आणि परिणाम आजचा असल्याने ते कोणत्याच प्रकारात बसत नाही. ‘इफ आय वेअर यू’ यातील ‘वेअर’ हा जुन्या इंग्लिशमधील सब्जंक्टिव्हचा अवशेष होय. औपचारिक लेखनात ‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन’ असा क्रमही आढळतो.

मराठीशी तुलना

मराठीभाषक विद्यार्थ्यांची अडचण नेमकी रूपांच्या या सरकण्यात आहे. ‘पाऊस पडला तर आम्ही घरी राहू’ या साध्या शक्यतेच्या वाक्यात मराठीत भूतकाळी रूप येते. तेच शब्दशः इंग्लिशमध्ये नेले, तर पाऊस संभवनीय न राहता कल्पित ठरतो. याउलट ‘पाऊस पडला असता तर पीक वाचले असते’ यात दोन्ही उपवाक्यांत ‘असता’, ‘असते’ अशी एकाच जातीची रूपे येतात, म्हणून इंग्लिशमध्येही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहिले जाते. अमेरिकेच्या बोलीतही ‘इफ आय वुड हॅव नोन’ ऐकू येते. प्रमाण लेखनात मात्र ते अशुद्ध मानतात.

गौणवाक्यात ‘वुड’ सर्वस्वी वर्ज्य आहे, असे नाही. ‘इफ यू वुड वेट अ मोमेंट’ या नम्र विनंतीत ते ऐकणाऱ्याच्या इच्छेचा निर्देश करते आणि इच्छा हाच त्या क्रियापदाचा मूळ अर्थ आहे.