सडपातळ माणसाचा रिपोर्ट

ऑकलंडात सँडरिंगहॅमला राहायला आलो तेव्हा इथल्या जीपीने (म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर) पहिल्याच भेटीत रक्ततपासणीची चिठ्ठी हातात दिली. वय ३४, वजन ६१ किलो, तक्रार शून्य. ऑफिसातल्या गोऱ्या मित्राला ही तपासणी ४५व्या वर्षी सांगतात. कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही भारतीय आहात म्हणून!"

खरं सांगतो, राग आला. मग घरी येऊन वाचत बसलो.

हृदयविकाराचा धोका मोजायची जुनी फूटपट्टी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावची. तिथे १९४८ साली ५,२०९ माणसांचा अभ्यास सुरू झाला, आणि ती जवळजवळ सगळी गोरी. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर यांचे आकडे त्या सूत्रात घालून धोका काढायचा. न्यूझीलंडनेही तेच सूत्र घेतलं, पण ते माओरी, पॅसिफिक आणि आपल्या लोकांना बसेना. म्हणून २००३च्या मार्गदर्शिकेत आपल्यासारख्यांसाठी वर ५ टक्के मिळवायला सांगितलं. आम्ही इंजिनियर लोक याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो, म्हणजे नक्की ठाऊक नाही तेव्हा वापरायची गोष्ट!

नक्की काय ते शोधणारे एक डॉक्टर आपल्या पुण्याचे निघाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक, आतून लठ्ठ. आपल्याकडे वजनकाटा खोटं बोलतो, ते असं.

इकडे ऑकलंडमध्ये २००२ पासून 'प्रेडिक्ट' नावाचं काम चालू होतं. जीपी आपल्या कॉम्प्युटरवर पेशंटचा धोका काढतात, ती माहिती नाव झाकून साठवायची आणि पुढे कोणाला झटका आला ते पाहायचं. अशा सुमारे ४ लाख लोकांवरून २०१८ साली न्यूझीलंडची स्वतःची सूत्रं आली. त्यांत 'भारतीय' हा वेगळा रकाना आहे. वस्तीच्या गरिबीचासुद्धा! त्याच वर्षी दक्षिण आशियाई पुरुषांची तपासणी ३०व्या वर्षापासून, बायकांची ४०व्यापासून करायचं ठरलं.

माझा काका ४६व्या वर्षी गेला. काडीसारखा होता. "याला कसला हार्टचा त्रास," असंच सगळे म्हणायचे.

माझा एचबीएवनसी ४३ आला. घाबरू नका, इथलं एकक वेगळं, आपल्याकडचे ६.१ टक्के. ५०ला मधुमेह, ४१ ते ४९ म्हणजे उंबरठा. लगेच साताऱ्याला धाकट्या भावाला फोन लावला.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. त्याचं वजन ५८ किलो.

रविवारी पुन्हा फोन करणार आहे.